कोकणच्या कौटुंबिक सहलीसाठी छोटा फिल्म कॅमेरा : निवडीपासून रोल धुण्यापर्यंत

फिल्म कॅमेरा घ्यायचा ठरला की बहुतेकांचा शोध कॅमेऱ्याच्या नावापासून सुरू होतो आणि पैसेही तिथेच अडकतात. सहल कुठे आहे, तिथला उजेड कसा असेल, बटण कोण दाबणार आणि रोल कुठे धुऊन मिळणार, या प्रश्नांची उत्तरे आधी काढली तर योग्य कॅमेरे मोजकेच उरतात. त्यांतही सर्वांत प्रसिद्ध नाव घ्यावे लागत नाही. या लेखात उदाहरणासाठी दिवाळीच्या सुट्टीतील चार-पाच दिवसांची मालवण-तारकर्लीची सहल धरली आहे. बरोबर आजी-आजोबा आणि मुले आहेत, सिंधुदुर्ग किल्ल्यावर होडीने जायचे आहे आणि मुक्काम कौलारू घरात आहे. हाच हिशेब थोडाफार बदलून महाबळेश्वरला किंवा हंपीलाही लावता येतो.

आधी ठरवा : बटण कोण दाबणार?

कौटुंबिक अल्बममध्ये एक माणूस नेहमी गैरहजर असतो, आणि तो म्हणजे फोटो काढणारा. ते टाळायचे असेल तर कॅमेरा भाच्याच्या, आजोबांच्या किंवा किल्ल्यावर भेटलेल्या अनोळखी पर्यटकाच्या हातात देता आला पाहिजे, आणि त्यांना एका वाक्यापेक्षा जास्त सूचना द्यावी लागू नये. ही एक अट मान्य केली तरी निवड बरीच सोपी होते. जुळ्या प्रतिमा एकमेकींवर आणून अंतर जुळवणारा रेंजफाइंडर कॅमेरा तुमच्या हातात कितीही छान चालत असला, तरी तो दुसऱ्याच्या हातात गेला की मागचा माड स्पष्ट आणि समोरची माणसे धूसर येतात. कॅमेरा सतत हातोहाती फिरणार असेल तर ऑटोफोकस किंवा चित्रखुणांवर चालणारा झोन फोकस घ्यावा. फोटो तुम्ही एकटेच काढणार असाल आणि तशी सवय असेल, तरच रेंजफाइंडरचा विचार करावा.

मग उजेडाचा हिशेब

कोकणात एकाच दिवसात उजेडाची दोन टोके भेटतात. दुपारच्या स्वच्छ उन्हासाठी जुना नियम पुरेसा आहे : अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारे लेन्सचे भोक; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) एफ/१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका (आयएसओ म्हणजे फिल्म किती उजेडात भागवते याचा आकडा, मोठा तितका कमी उजेड पुरतो), म्हणजे २०० आयएसओच्या फिल्मला सुमारे १/२०० सेकंद. पांढरी वाळू आणि पाण्यावरची चमक यांमुळे किनाऱ्यावर उजेड यापेक्षाही साधारण एक स्टॉप, म्हणजे दुपटीने, वाढतो. त्याच वाटेने पोफळीच्या बागेत शिरले की ४०० आयएसओच्या फिल्मलाही एफ/५.६ आणि १/१२५ च्या आसपास यावे लागते. कौलारू घराच्या माजघरात, जिथे उजेड एखाद्या खिडकीतून आणि दारातून येतो तेवढाच, तीच फिल्म एफ/२.८ ला जेमतेम १/१५ सेकंद देते. एवढ्या वेगात हात स्थिर राहणे कठीण असते, आणि मूल तर स्थिर राहतच नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे घरातल्या फोटोंसाठी फ्लॅश लागणारच, एफ/२.८ ची लेन्स घेतली म्हणून त्यातून सुटका होत नाही. दुसरी म्हणजे लांब झूमचा कॅमेरा या सहलीला उपयोगी नाही. झूम कॉम्पॅक्टची लेन्स पूर्ण बाहेर आली की तिचे सर्वांत मोठे अ‍ॅपर्चरही एफ/१० च्या आसपास घसरलेले असते, त्यामुळे सावलीत एकतर फ्लॅश उडतो किंवा फोटो हलतो. ३५ ते ४० मिलिमीटरची एकच स्थिर लेन्स घेऊन दोन पावले पुढे-मागे होणे कधीही बरे.

फिल्म कॅमेऱ्याच्या आधी निवडा

सहलीसाठी रंगीत निगेटिव्ह फिल्म घ्यावी. ती जास्त प्रकाश बराच सहन करते, कमी प्रकाश मात्र सहन करत नाही. सावल्यांमध्ये तपशील उतरलाच नसेल तर स्कॅन करताना तो कुठूनही आणता येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा थोडा जास्त प्रकाश द्यावा. आयएसओची चकती हाताने फिरवता येत असेल तर ४०० ची फिल्म २०० वर लावून वापरण्याची पद्धत यासाठीच आहे. काटेकोरपणे मोजमाप करणाऱ्यांनी स्लाइड फिल्म (निगेटिव्हऐवजी थेट सुलटे चित्र देणारी) जरूर वापरावी, पण आजीच्या वाढदिवसाच्या फोटोवर तो प्रयोग करू नये.

कोडॅक गोल्ड २०० ही किनाऱ्यासाठी आणि उन्हातल्या किल्ल्यासाठी चांगली आहे, आणि तिचे उबदार रंग त्वचेला शोभतात. अल्ट्रामॅक्स ४०० बागेत, संध्याकाळी आणि फ्लॅशबरोबर जास्त कामाची ठरते. एकच प्रकार न्यायचा असेल तर माझे मत ४०० ला आहे, कारण उन्हातले जास्तीचे एक-दोन स्टॉप फिल्म सांभाळून घेते, पण माजघरातला कमी पडलेला एक स्टॉप कोणी भरून देत नाही. पोर्ट्रा ४०० नक्कीच अधिक गुणी आहे; मात्र तिच्या एका रोलच्या किमतीत साध्या फिल्मचे जास्त फोटो होतात, आणि कौटुंबिक सहलीत ते जास्त फोटोच मोलाचे असतात. कृष्णधवल हवे असेल आणि धुण्याची अडचण नको असेल, तर इलफर्ड एक्सपी२ सुपर घ्यावी, कारण ती रंगीत निगेटिव्हच्याच सी-४१ प्रक्रियेत धुतली जाते.

बाजारात सिनेमाची फिल्म छोट्या डब्यांत भरून स्वस्तात विकली जाते. तिच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा थर असेल तर ती सी-४१ च्या यंत्रात टाकता येत नाही. तो थर सुटून रसायने आणि इतरांचे रोलही खराब करतो. अशी फिल्म घेण्यापूर्वी आपली लॅब ती धुते का, हे विचारून घ्यावे. अशा डब्यांवर कित्येकदा डीएक्स कोडची चंदेरी-काळी चौकटही नसते. मग आयएसओ स्वतः ओळखणारा ऑटो कॅमेरा ती फिल्म बहुधा १०० ची समजतो. ४०० ची फिल्म असेल तर दोन स्टॉप जास्त प्रकाश पडतो. तो निभावतो, पण माजघरात शटर विनाकारण मंद होते.

किती रोल न्यावेत, याचा साधा अंदाज म्हणजे दिवसाला ३६ फोटोंचा एक रोल आणि वर एक शिल्लक. हिशेब मांडताना रोल, धुणे आणि स्कॅन या तिन्हींची बेरीज करून तिला ३६ ने भागावे. एका फोटोचा तो खर्च पाहिल्यावर कॅमेऱ्यावर किती खर्च करायचा, हे नीट ठरवता येते.

आता कॅमेरा

दुकानात जाण्यापूर्वी घरातले कपाट उघडून पाहावे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडे यशिका एमएफ-२ घरोघरी होता, नंतर कोडॅकचा केबी१० आला. एमएफ-२ मध्ये ३८ मिलिमीटरची स्थिर फोकसची लेन्स, अंगचा फ्लॅश आणि दोन पेन्सिल सेल एवढाच संसार आहे. लेन्स फार तीक्ष्ण नाही आणि दीड मीटरच्या आत चेहरा धूसर येतो, पण उन्हात उभ्या असलेल्या कुटुंबाचा फोटो तो आजही व्यवस्थित काढतो. तो चालू असेल तर पहिल्या सहलीला नवा कॅमेरा घेण्याची घाई नको.

विकत घ्यायचा असेल तर माझी पहिली पसंती ऑलिंपस ट्रिप ३५ ला आहे. १९६७ ते १९८४ या काळात बनलेल्या या कॅमेऱ्याला बॅटरीच लागत नाही. लेन्सभोवतीचा बुडबुड्यांसारखा दिसणारा सेलेनियमचा पट्टा उजेडावरच वीज तयार करतो आणि त्यावर अ‍ॅपर्चर व शटर ठरते. लेन्स ४० मिलिमीटर, एफ/२.८, शटरचे वेग दोनच, १/४० आणि १/२००. अंतरासाठी एक माणूस, दोन माणसे, घोळका आणि डोंगर अशा चार खुणा आहेत, त्या कोणालाही एका वाक्यात समजावता येतात. उजेड अपुरा असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि बटण दाबले जात नाही, त्यामुळे फिल्म वाया जात नाही. २०० आयएसओवर तो कोकणातल्या दुपारीही आपल्या मर्यादेत राहतो. ४०० टाकल्यास भर दुपारी थोडा जास्त प्रकाश पडेल, पण तेवढे निगेटिव्ह सहन करते.

खिशात मावणारा हवा असेल तर ऑलिंपसचीच एक्सए मालिका पाहावी. १९७९ चा एक्सए हा योशिहिसा माईतानी यांच्या रचनेचा कॅमेरा. सरकते झाकण हेच त्याचे कव्हर आणि तेच चालू-बंद करण्याचे बटण. त्यात रेंजफाइंडर आणि ३५ मिलिमीटर एफ/२.८ लेन्स आहे. सहलीसाठी मात्र मी त्याचा साधा भाऊ एक्सए२ सुचवेन. त्याची लेन्स एफ/३.५ आहे, फोकसला तीनच जागा आहेत आणि झाकण बंद केले की फोकस आपोआप मधल्या जागेवर येतो, म्हणजे आधीच्या माणसाने काय करून ठेवले याची चिंता राहत नाही. दोघांनाही घड्याळात लागतात तसले दोन छोटे सेल पुरतात, पण सेल संपले की शटर चालत नाही.

तिसरा मार्ग नव्वदच्या दशकातल्या ऑटोफोकस कॉम्पॅक्टचा. कॅनन शुअर शॉट, पेंटॅक्स एस्पिओ, ऑलिंपस म्यू अशा मालिकांतले साधे, कमी चर्चेतले मॉडेल स्वस्तात मिळते आणि कोणाच्याही हातात चालते. म्यू-२ ची एफ/२.८ लेन्स खरोखर चांगली आहे आणि बांधणी पाण्याचे शिंतोडे सहन करणारी आहे, पण तिची कीर्ती तिच्या किमतीत शिरली आहे. शिवाय झाकण उघडले की दरवेळी फ्लॅश ऑटोवर येतो आणि नको असल्यास पुन्हा बंद करावा लागतो. कॉन्टॅक्स टी२ च्या किमतीत तर अख्ख्या कुटुंबाची सहल होईल. या सगळ्यांची एक कच्ची बाजू सारखीच आहे : आतला सर्किट बोर्ड गेला की सुटे भाग मिळत नाहीत आणि कॅमेरा शोभेची वस्तू होतो. म्हणून या गटात फार पैसे गुंतवू नयेत.

कॅननेट क्यूएल१७ जी-३ एफ/१.७ लेन्समुळे माजघरात उजवा ठरतो, पण तो जड आहे, रेंजफाइंडरवर चालतो आणि त्याचे लाइटमीटर आता न बनणाऱ्या १.३५ व्होल्टच्या मर्क्युरी सेलवर बेतलेले आहे. त्या जागी झिंक-एअर सेल वापरावा लागतो. रोलाय ३५ अतिशय देखणा आहे, पण अंतर अंदाजाने लावायचे, लेन्स ओढून फिरवून बसवायची आणि फ्लॅश कॅमेऱ्याच्या पोटाखाली लावायचा, हा सोपस्कार पळणाऱ्या मुलांसमोर जमत नाही.

नवा, वॉरंटीसह कॅमेरा हवा असणाऱ्यांसाठी २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स १७ आहे. तो अर्ध्या फ्रेमचा आहे, म्हणजे ३६ च्या रोलवर ७२ उभे फोटो येतात. झोन फोकस आणि सीआर२ बॅटरी असे त्याचे स्वरूप आहे. फिल्म महाग झालेल्या दिवसांत हा सौदा वाईट नाही, मात्र फ्रेम लहान असल्याने मोठ्या प्रिंटमध्ये दाणे दिसतात आणि काही लॅब अर्ध्या फ्रेमच्या स्कॅनचे जास्त पैसे घेतात. तारकर्लीला स्नॉर्केलिंग करणार असाल तर पाण्याखाली चालणारा एकदा वापरायचा कॅमेरा वेगळा घ्यावा. मुख्य कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाण्यात नेऊ नये.

घेताना काय तपासावे

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची आणि दुरुस्तीची दुकाने आहेत. शक्य असेल तर जुना कॅमेरा असा प्रत्यक्ष हातात घेऊन घ्यावा, कारण आपल्या हवामानातला मुख्य रोग फोटोत दिसत नाही. तो रोग म्हणजे बुरशी. मागचे झाकण उघडून लेन्समधून मोबाइलचा टॉर्च तिरका पाडावा. जाळीसारखे पांढरे तंतू दिसले तर तो कॅमेरा सोडून द्यावा. थोड्या धुळीने मात्र काही बिघडत नाही.

त्यानंतर बॅटरीचा कप्पा पाहावा. हिरवट-पांढरी पूड म्हणजे सेल गळलेला आहे. ती फक्त टोकांवर असेल तर साफ होते, पण तारांपर्यंत गेली असेल तर नाही. मागच्या झाकणाच्या खाचांतला काळा स्पंज बोटाला चिकट लागला तर तो कुजला आहे, आणि त्यातून शिरलेला उजेड फोटोवर केशरी पट्टे उमटवतो. हा दोष घाबरण्यासारखा नाही, दुरुस्ती करणारा तो सहज बदलून देतो. फक्त तो खर्च किमतीतून वजा करून मागावा. ट्रिप ३५ असेल तर चकती ए वर ठेवून लेन्सवर आणि सेलेनियमच्या पट्ट्यावर हात धरावा. बटण दाबल्यावर लाल पट्टी आली पाहिजे आणि शटर उडता कामा नये. मग उन्हाकडे आणि सावलीकडे रोखून बटण अर्धे दाबावे व समोरून अ‍ॅपर्चर लहान-मोठे होते का ते पाहावे. होत नसेल तर सेलेनियम थकलेले आहे, आणि विक्रेत्याने काहीही सांगितले तरी ते पुन्हा तरुण होत नाही.

ऑटोफोकस कॅमेऱ्यात रिकाम्या कॅमेऱ्यावर फ्लॅश, शटर आणि मोटर तपासावी, पण फोकस खरा आहे की नाही हे फक्त रोलच सांगतो. म्हणून सहलीच्या निदान महिनाभर आधी कॅमेरा घ्यावा आणि एक पूर्ण रोल घरातच संपवावा. उन्हात, सावलीत, दिव्याखाली, जवळून आणि लांबून, फ्लॅशसह आणि फ्लॅशविना असे फोटो काढावेत. काही फोटो घरातल्या इतरांना काढायला लावावेत. तो रोल ज्या लॅबमध्ये पुढचे रोल द्यायचे आहेत तिथेच धुवावा, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर लॅबचीही परीक्षा होते.

फ्लॅश आणि फोकस : दोन आकडे लक्षात ठेवावेत

अंगचा फ्लॅश नसलेल्या कॅमेऱ्यासाठी छोटा हॉट-शू फ्लॅश, म्हणजे कॅमेऱ्यावरच्या खाचेत बसणारा, पुरतो. समजा त्याचा गाइड नंबर, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, १०० आयएसओला १४ मीटर आहे. ४०० आयएसओला तो दुप्पट, म्हणजे २८ होतो. गाइड नंबरला अ‍ॅपर्चरने भागले की अंतर मिळते : एफ/५.६ ला ५ मीटर, एफ/८ ला साडेतीन मीटर. जेवणाच्या पंगतीला एवढी पोच भरपूर झाली. समुद्रकिनारी दुपारी चेहऱ्यांवर टोपीची सावली पडते, तेव्हाही हाच फ्लॅश वापरावा. लोक तो फक्त रात्रीचा समजतात.

झोन फोकसचे अंतर स्वतः लावायचे झाल्यास ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर ३ मीटर आणि एफ/८ ठेवावे. साधारण १.९ ते ७ मीटरपर्यंतचे सगळे स्पष्ट येते, आणि कुटुंबाचे बहुतेक फोटो याच टप्प्यात असतात.

पिशवीत काय असावे

कॅमेरा, मनगटाला अडकवायचा दोरा, फिल्म, एक जादा बॅटरी, फ्लॅश आणि त्याचे सेल, लेन्स पुसायचे मऊ कापड, हवेचा छोटा फुगा, सिलिका जेलच्या पुड्या, दोन-तीन झिपच्या पिशव्या आणि एक मार्कर. सीआर१२३ए किंवा सीआर२ बॅटरी गावात मिळेल या भरवशावर निघू नये. रोल संपला की पूर्ण आत गुंडाळावा आणि डब्यावर मार्करने क्रमांक व ठिकाण लिहावे. बाहेर राहिलेल्या टोकामुळे वापरलेला रोल पुन्हा भरला जाण्याची शक्यता असते. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात फिल्म भरल्यावर पुढचा फोटो ओढताना डावीकडची रिवाइंडची कळ फिरते का ते पाहावे. ती फिरत नसेल तर फिल्म सरकतच नाही.

होडीत कॅमेरा झिपच्या पिशवीत ठेवावा आणि किनाऱ्यावरून परतल्यावर खारट ओल कोरड्या कापडाने पुसावी. वाळूत पडलेली लेन्स कापडाने पुसण्याआधी फुग्याने हवा मारावी, नाहीतर वाळूचा कण काचेवर ओरखडा काढतो. बंद गाडीच्या डॅशबोर्डमध्ये फिल्म ठेवू नये. ऑक्टोबरच्या उन्हात तिथला ताप रंगांची वाट लावतो.

विमान, रेल्वे आणि एक्स-रे

फिल्म चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकू नये, कारण तिथली यंत्रे तीव्र असतात. हातातल्या सामानाच्या जुन्या पद्धतीच्या एक्स-रेमधून ४०० आयएसओपर्यंतची फिल्म एक-दोनदा गेल्यास सहसा काही होत नाही, पण परिणाम साचत जातो. काही विमानतळांवर आता हातातल्या सामानालाही सीटी स्कॅनर बसले आहेत, आणि ते एकदाच्या तपासणीतही फिल्मवर धुके आणू शकतात. त्यामुळे रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवावेत आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांना हाताने तपासण्याची विनंती करावी. ती मान्य होईलच असे नाही, म्हणून रांगेत थोडे लवकर उभे राहावे. मालवणला गाडीने जाणाऱ्यांना ही कटकट नाही. रेल्वेने जाणाऱ्यांनी स्थानकावरच्या यंत्रातून बॅग घालण्याआधी रोल खिशात घ्यावेत.

परतल्यावर

रोल महिनोन्‌महिने ठेवू नयेत. दमट घरात तर नाहीच. लॅबला देताना निगेटिव्ह परत हवी असल्याचे लिहून द्यावे, कारण फक्त स्कॅन पाठवून निगेटिव्ह फेकून देणाऱ्या लॅब आहेत. सहा बाय चार इंचांच्या प्रिंटला १८०० बाय १२०० पिक्सेलचा स्कॅन पुरतो, बारा बाय आठला ३६०० बाय २४०० लागतो. सगळ्या रोलचा साधा स्कॅन घ्यावा आणि भिंतीवर लावायच्या दोन-चार फ्रेमचाच पुढे मोठा करून घ्यावा, म्हणजे खर्च आटोक्यात राहतो. आजी-आजोबांसाठी प्रिंट काढाव्यातच. त्यांना मोबाइलवरचा स्कॅन दाखवून चालत नाही. निगेटिव्हच्या पट्ट्या कागदी किंवा खास प्लास्टिकच्या पाकिटांत, सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि पाकिटावर डब्यावरचाच क्रमांक लिहावा. कॅमेऱ्यातले सेल काढून तो त्याच डब्यात ठेवावा. चामड्याच्या कव्हरमध्ये मात्र ठेवू नये, कारण पावसाळ्यात बुरशी सर्वांत आधी तिथे धरते.